डेसिडिम: बार्सिलोनाच्या लोकसहभागाच्या सॉफ्टवेअरचं सविस्तर परीक्षण

रहिवाशांकडून कामं सुचवून घ्यायची, त्यांची छाननी करायची, त्यावर मतदान घ्यायचं आणि मंजूर झालेलं काम कुठवर आलं ते चारचौघांना दिसेल असं मांडायचं. या सगळ्या खटाटोपासाठी युरोपातली शहरं आज जी सॉफ्टवेअर वापरतात त्यांत डेसिडिमचा नंबर बराच वर लागतो. ते फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे आणि पाठीशी एका मोठ्या महापालिकेचा अनुभव आहे. पण सर्व्हरवर चढवलं की लोक आपोआप येतात, असं मात्र नाही. कुठे जमतं, कुठे फसतं आणि का, हे नगरसेवक, पालिकेतले अधिकारी, नागरी संघटना आणि त्यांना मदत करणारे प्रोग्रामर यांना नीट कळावं, हा या परीक्षणाचा हेतू.

आधी थोडी वंशावळ, कारण आजचे गुणदोष तिथूनच आले आहेत. माद्रिदने सप्टेंबर २०१५ मध्ये 'डेसिदे माद्रिद' ही साइट सुरू केली. तिच्यामागचं सॉफ्टवेअर म्हणजे कॉन्सुल. बार्सिलोनाने तोच कोड उचलला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पालिकेच्या चार वर्षांच्या आराखड्यासाठी आपली साइट उघडली. दहा हजारांहून जास्त प्रस्ताव आले आणि जोडीला चारशेहून अधिक प्रत्यक्ष बैठका झाल्या. गाडं अडलं ते इथेच. कॉन्सुलची रचना अख्ख्या शहराचा एकच चौक धरून केलेली होती. एकट्या नागरिकाने प्रस्ताव टाकायचा आणि बाकीच्यांनी त्याला पाठिंबा द्यायचा. बार्सिलोनात वस्ती-संघटनांचं बळ जुनं आहे, बैठकीत उभं राहून मांडलेलं म्हणणं तिथे ऑनलाइन प्रस्तावाइतकंच वजनदार मानलं जातं. शिवाय एकाच वेळी दहा जिल्ह्यांत दहा वेगळ्या प्रक्रिया, प्रत्येकीचे टप्पे निराळे. ठिगळं लावत बसण्यापेक्षा पालिकेने सॉफ्टवेअर नव्याने लिहून घ्यायचं ठरवलं आणि २०१७ पासून स्वतंत्र डेसिडिम धावू लागलं. दुसऱ्या शहराची वस्तू वापरून पाहिली, आपल्याला कुठे टोचते ते ओळखलं आणि मग आपली घडवली, असा हा क्रम. पुढे हेलसिंकीने २०१८ मध्ये याच सॉफ्टवेअरवर 'ओमास्टाडी' हे सहभागी अंदाजपत्रक उभं केलं, म्हणजे पालिकेच्या रकमेतला एक वाटा कशावर खर्च करायचा ते रहिवाशांनीच सुचवून आणि मतं देऊन ठरवायचं. युरोपीय संघाने नागरिकांची मतं मागवायला भरवलेल्या 'युरोपच्या भवितव्यावरील परिषदे'ची २४ भाषांतली साइटही एप्रिल २०२१ मध्ये डेसिडिमवरच निघाली.

परवाना एजीपीएल. म्हणजे कोणीही घ्यावं, बदलावं, पण बदललेलं सॉफ्टवेअर लोकांसाठी चालवलं तर तो बदललेला कोडही खुला करावा लागतो. हेलसिंकीसाठी तिथल्या कंपनीने लिहिलेले लॉगिनचे भाग त्यामुळे आज कोणालाही उचलता येतात. सोबत एक 'सामाजिक करार'ही आहे. सॉफ्टवेअर खुलंच राहील, कोणता प्रस्ताव कुठून आला आणि त्याचं पुढे काय झालं हे शोधता येईल, लोकांच्या मजकुरात गुपचूप फेरफार होणार नाही, अशा अटी त्यात आहेत. करार मोडला तर दंड नाही. तरी निविदेच्या अटींत तो जोडून टाकावा, पुढे कंत्राटदाराशी वाद झाला की उपयोगी पडतो.

बसवताना

आतून हे रुबी ऑन रेल्स या प्रोग्रामिंगच्या चौकटीवर लिहिलेलं आहे, डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल. रुबी, नोड, इमेजमॅजिक आणि पोस्टग्रेसच्या लायब्ररी यंत्रावर आधी लागतात. कमी मेमरीचं स्वस्त यंत्र घेतलं तर पानांच्या सजावटीच्या फाइल (सीएसएस) आणि स्क्रिप्ट बांधण्याच्या पायरीलाच ते धापा टाकून थांबतं. त्रुटीचा संदेशही असा मोघम येतो की दोष कोडमध्ये आहे असं वाटावं. तात्पुरती मेमरी वाढवायची किंवा तो भाग दुसऱ्या यंत्रावर बांधून आणायचा.

प्रशासनाचे दरवाजे दोन. 'सिस्टिम' पॅनलमध्ये संस्था तयार होते: पत्ता, भाषा, ओळख पडताळणीच्या पद्धती. एकाच बसवणीवर अनेक संस्था चालतात, त्यामुळे एखाद्या जिल्ह्यातल्या चार नगरपालिकांना एकच सर्व्हर वाटून घेता येतो. रोजचं काम 'ॲडमिन' पॅनलमध्ये. भाषा ठरवताना हात आखडता घ्यावा. संस्थेला तीन भाषा दिल्या की प्रत्येक शीर्षक, प्रत्येक वर्णन तीन टॅबमध्ये भरावं लागतं. हेलसिंकीत फिनिश, स्वीडिश आणि इंग्रजी चालवायला स्वतंत्र माणसं आहेत. लोकांनी लिहिलेल्या मजकुराला यांत्रिक भाषांतर जोडता येतं, पण पालिकेचा स्वतःचा मजकूर पालिकेनेच लिहायचा.

नवखे हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे क्रॉनची कामं. आकडेवारी ताजी करणं, खुल्या डेटाची फाइल बनवणं, रोजचा किंवा आठवड्याचा सारांश-ईमेल पाठवणं, हे सगळं ठरावीक वेळी चालणाऱ्या आज्ञांवर अवलंबून आहे. त्या लावल्या नाहीत तर साइट दिसते छान, पण मुखपृष्ठावरचे आकडे हलत नाहीत आणि सारांश कोणालाच पोहोचत नाही. टप्प्यांचंही तसंच. प्रक्रियेला 'प्रस्ताव', 'छाननी', 'मतदान' असे टप्पे आणि तारखा देता येतात, मात्र तारीख उलटली म्हणून टप्पा आपोआप पुढे सरकत नाही. प्रशासकाने जाऊन पुढचा टप्पा सुरू करायचा किंवा ते करणारी आज्ञा क्रॉनमध्ये घालायची. शुक्रवारी रात्री मुदत संपवली आणि सोमवारी सकाळपर्यंत लोक प्रस्ताव टाकतच राहिले, तर त्या प्रस्तावांचं काय करायचं याला नियमावलीत उत्तर नसतं.

नकाशावर पत्ता दाखवायचा तर बाहेरच्या नकाशा-सेवेची किल्ली, म्हणजे ती वापरायचा संकेतांक, लागते. आणि ईमेल पाठवणारा सर्व्हर भरवशाचा हवा. नोंदणीचा दुवा ज्याच्या स्पॅममध्ये गेला तो मतदार तुमच्यापुरता संपला.

कोण मत देऊ शकतं

सगळ्यात काळजीने करायचा भाग हा. डेसिडिममध्ये खातं उघडायला ईमेल पुरतो, मत द्यायला वेगळी पडताळणी लावता येते. 'लावता येते' हे शब्द नीट वाचा. प्रस्ताव, बैठका, अंदाजपत्रक हे साइटचे वेगवेगळे भाग म्हणजे घटक. प्रत्येक घटकाच्या 'परवानग्या' या पानावर जाऊन प्रस्ताव मांडणे, पाठिंबा देणे, टिप्पणी करणे, मत देणे यांतल्या एकेका कृतीला कोणती पडताळणी हवी ते ठरवावं लागतं. संस्थेच्या पातळीवर पडताळणी चालू केली एवढ्याने मतदानाला कुलूप लागत नाही. हे पान राहून गेलं तर ईमेल असलेला जगातला कोणीही तुमच्या वस्तीतल्या बागेवर मत देऊन जाईल, आणि ते कळेल निकालानंतर.

पद्धती पुष्कळ. बार्सिलोनाची साइट थेट पालिकेच्या रहिवासी नोंदवहीशी ताडून पाहते. ओळखपत्राचा क्रमांक उघडा न ठेवता त्याचं गुंतागुंतीचं रूप जतन होतं, त्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या खात्यावर वापरला की अडतो. ज्यांच्याकडे अशी नोंदवही नाही त्यांच्यासाठी ईमेलची यादी चढवणे, ओळखपत्राचा फोटो तपासणे, एसएमएस, किंवा टपालाने संकेतांक पाठवणे हे पर्याय आहेत. टपालाचा पर्याय लहान गावात सुरेख चालतो, कारण पत्ता खरा आहे हे पत्र पोहोचल्यानेच सिद्ध होतं. मोठ्या शहरात पत्रं पाठवणारा आणि 'पाठवलं' अशी खूण करणारा कारकून हे दोघंही कामात मागे पडतात. ओळखपत्राच्या फोटोच्या बाबतीत तर आधी विचारावं: ते फोटो कोण पाहणार, आणि किती दिवसांनी पुसणार?

हेलसिंकीने इथे एक फार व्यवहारी तोडगा काढला. ओमास्टाडीत त्या वर्षी बारा वर्षं पूर्ण करणाऱ्या मुलांनाही मत आहे. फिनलंडमध्ये सरकारी सेवांत शिरायचं तर साधारण बँकेची ओळख वापरली जाते आणि बारा वर्षांच्या मुलाकडे ती कुठून असणार? म्हणून शाळेच्या लॉगिनची वेगळी वाट जोडली. वयाची अट कमी करणं ठराव पास करून होतं, पण त्या वयाच्या मुलाकडे ओळख पटवायला काय आहे हे कोणीतरी बसून शोधावं लागतं.

ज्यांच्याकडे ईमेलच नाही त्यांच्यासाठी प्रशासकाला सहाय्यक म्हणून त्या व्यक्तीच्या वतीने बसता येतं. ओळख पडताळायची, कारण लिहायचं, सत्र तीस मिनिटांत आपोआप बंद होतं आणि त्याची नोंद राहते. मतदान-मदतीच्या टेबलासाठी ही सोय अतिशय कामाची आहे, पण तिची माहिती टेबलावर बसणाऱ्यालाच नसते असं फार वेळा होतं. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आणि एक छापील पान पुरे.

मतदानाचं पान

अंदाजपत्रकाच्या घटकात मतदाराला एक रक्कम दिसते आणि बाजाराची पिशवी भरावी तशी तो कामं निवडत जातो, रक्कम संपेपर्यंत. कामांचा क्रम ढवळून दाखवला जातो, त्यामुळे वरच्या दोघा-तिघांनाच फायदा मिळत नाही. इथवर उत्तम. मेख पुढे आहे. मूळ मांडणीत असा नियम असतो की रकमेच्या किमान ७० टक्के वापरल्याशिवाय 'मत द्या' हे बटण चालत नाही. समजा विभागाला एक लाख युरो आहेत आणि एका बाईंना फक्त आपल्या चौकातले पंधरा हजारांचे बाक हवे आहेत. त्या बाक निवडतात, बटण फिकं दिसतं, आणखी ५५ हजारांची कामं निवडल्याशिवाय ते उजळत नाही. बाई साइट बंद करतात. हा नियम ठेवण्यामागे विचार आहे: माणसाने आपल्या गल्लीपलीकडेही पाहावं. पण हा विचार मतदाराला पानावर कोणी सांगत नाही. टक्केवारी खाली आणावी किंवा सरळ 'किमान इतकी कामं' किंवा 'इतकी ते इतकी' हा नियम निवडावा, तिन्ही पर्याय सेटिंगमध्ये आहेत. मोठ्या आणि लहान खर्चाची कामं एकाच यादीत असतील तर कामांच्या संख्येचा नियम जास्त न्याय्य ठरतो, कारण रकमेच्या नियमात एक महागडं काम निवडलं की बाकीच्यांना जागाच उरत नाही.

दुसरी गळती शेवटच्या पायरीवर होते. कामं निवडली म्हणजे मत दिलं असं नाही, शेवटी पक्कं करावं लागतं. पक्कं न केलेली मतं मोजली जात नाहीत. अशा अर्धवट मतदारांना आठवण पाठवण्याची सोय आता आहे, मतदान संपायच्या काही दिवस आधी ती जरूर वापरावी.

प्रस्तावांच्या पानावर 'पाठिंबा' आणि त्याच्या शेजारी आवड दाखवणारं बटण, अशी दोन जवळजवळ जुळी बटणं आली की लोक चुकीचं दाबून निश्चिंत होतात. त्यातलं एक बंद करा. दोन्ही चालू ठेवण्याचं पटण्यासारखं कारण या परीक्षणासाठी तरी सापडलं नाही.

खरी कसोटी छाननीत

हजार प्रस्ताव आले तर ते वाचणार कोण? ओमास्टाडीच्या पहिल्या फेरीत ४४ लाख युरोंसाठी बाराशेहून अधिक प्रस्ताव आले आणि शेवटी ४४ कामं निवडली गेली. मधला रस्ता माणसांनी काढला. हेलसिंकीने विभागवार सहभाग-अधिकारी नेमले. खात्यांतल्या अभियंत्यांना आणि प्रस्ताव मांडणाऱ्यांना एका टेबलाशी बसवून सारखे प्रस्ताव एकत्र केले, त्यांचे खर्च काढले, तेव्हा कुठे मतदानाची यादी तयार झाली. लोकांना प्रस्ताव नीट मांडता यावा म्हणून पालिकेने पत्त्यांचा एक खेळही बनवला. सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीच येत नाही. पुढच्या फेरीपासून हे चक्र दोन वर्षांचं झालं, रक्कम ८८ लाख युरो. वर्षभरात मागवणं, तपासणं, मतदान आणि बांधकाम हे सगळं बसवायला गेलं की यातलं काहीतरी कोपऱ्यात जाणार, बहुतेक बांधकामच.

डेसिडिम या टप्प्यावर मदत चांगली करतं, हे कबूल. प्रस्ताव एकत्र करता येतात, एकाचे दोन करता येतात, तपासणाऱ्यांना वाटून देता येतात. तपासणाऱ्याला खासगी टिपणं, अंदाजे खर्च, त्याचा तपशील आणि लागणारा काळ हे भरायला जागा आहे. उत्तर 'स्वीकारला', 'नाकारला', 'विचाराधीन' यांपैकी एक. ०.२९ या आवृत्तीपासून या स्थितींची नावं आपली आपण ठेवता येतात. उत्तर प्रसिद्ध झालं की मांडणाऱ्याला आणि पाठपुरावा करणाऱ्यांना कळवलं जातं. नकाराचं कारण लिहिणं सक्तीचं करावं आणि ते खात्याच्या भाषेत नको. 'तांत्रिकदृष्ट्या अव्यवहार्य' लिहिलं की पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव दुप्पट रागाने परत येतो. 'इथे जमिनीखालून गॅसची लाइन जाते, झाड लावता येणार नाही, पलीकडच्या बाजूला येईल' असं लिहिलं तर तो सुधारून येतो.

प्रत्यक्ष बैठकींची नोंद हा बार्सिलोनाचा खास वारसा. बैठक बंद करताना किती लोक आले, कोणत्या संघटना होत्या, काय ठरलं हे भरायचं असतं आणि बैठकीत निघालेला प्रस्ताव त्या बैठकीच्याच नावाने नोंदवता येतो. ऑनलाइन येणारे कोण आणि सभागृहात येणारे कोण यातला फरक त्यामुळे नंतर पाहता येतो.

तक्रार आणि घाण यांचं नियोजनही आधीच करावं. मूळ मांडणीत एखाद्या मजकुराविरुद्ध तीन तक्रारी आल्या की तो आपोआप लपतो. तीन म्हणजे एका विरोधी गटाचे तीन फोन! चुरशीच्या विषयात हा आकडा वाढवा आणि रोज पाहणारा माणूस ठेवा. जाहिरातीचे दुवे टाकायला उघडलेली खोटी खाती हा तर डेसिडिमच्या साइटवर सतत चालणारा उपद्रव, त्यासाठी वेगळे भाग जोडावे लागतात.

मतदानानंतरचं पान

याच पानासाठी डेसिडिमला पसंती द्यावी. निवडलेली कामं 'उत्तरदायित्व' या घटकात एका झटक्यात उचलता येतात. प्रत्येक कामाला स्थिती, टक्केवारी आणि तारखेनिशी नोंदी. मूळ प्रस्ताव कोणता, तो कोणत्या बैठकीतून आला, मतदानात काय झालं, हे सगळं दुव्यांनी मागे जाऊन पाहता येतं. बार्सिलोनाच्या सहभागी अंदाजपत्रकात हे मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. २०२० च्या सुरुवातीला ते सुरू झालं, कोविडमुळे थांबलं, आणि जून २०२१ मध्ये मतदान होऊन ३ कोटी युरोंची ७६ कामं निवडली गेली. मतदानाचं वय १४.

नोंदी सीएसव्ही फाइलने (एक्सेलमधून काढता येणारा साधा तक्ता) एकगठ्ठा चढवता येतात, ही बाब अभियंत्यांना आवर्जून सांगावी. ते नाहीतरी एक्सेलमध्येच जगतात, त्यांना नव्या पॅनलमध्ये टंकायला लावलं तर टक्केवारी शून्यावर गोठते. महिन्याला एक फाइल, एक माणूस, ठरलेली तारीख. गोठलेलं उत्तरदायित्वाचं पान हे पान नसण्यापेक्षा वाईट, कारण तिथे पालिकेची दिरंगाई पालिकेच्याच साइटवर जाहीर असते.

शेजारच्या दुकानांत काय मिळतं

कॉन्सुल अजून जिवंत आहे, अनेक शहरं ते वापरतात, आणि एकाच शहरव्यापी मतदानासाठी ते डेसिडिमपेक्षा बसवायला सोपं आहे. माद्रिदने त्यावर २०१६ मध्ये ६ कोटी आणि पुढच्या वर्षी १० कोटी युरोंचं सहभागी अंदाजपत्रक चालवलं. त्याचा नागरिक-प्रस्तावांचा भाग मात्र जपून घ्यावा. सोळा वर्षांवरील लोकसंख्येच्या एक टक्का, म्हणजे सुमारे २७ हजार पाठिंबे बारा महिन्यांत मिळाले तर प्रस्ताव जनमताला जाणार, असा माद्रिदचा नियम होता. हजारो प्रस्तावांतून फेब्रुवारी २०१७ च्या मतदानापर्यंत पोहोचले दोन: सार्वजनिक वाहतुकीला एकच तिकीट, आणि शाश्वत माद्रिद. एकाच गोष्टीचे पन्नास प्रस्ताव आले की पाठिंबा पन्नास जागी विखुरतो आणि सारखे प्रस्ताव जुळवून देणारं कोणी नसेल तर उंबरठा कोणालाच ओलांडता येत नाही. त्याच आठवड्यात प्लाझा दे एस्पान्या या चौकाच्या आराखड्यावरही मतदान झालं, आणि तो नवा चौक २०२१ मध्ये खुला झाला.

आइसलंडची राजधानी रेक्याविक, तिथलं 'युअर प्रायॉरिटीज' २०१० पासूनचं. लहान शहराला ते पुरून उरतं. त्यातली एक युक्ती बाकीच्यांनी उचलायला हवी होती: टिप्पण्या बाजूने आणि विरुद्ध अशा दोन रकान्यांत जातात आणि दुसऱ्याच्या मुद्द्याखाली उत्तर लिहिता येत नाही. पटलं नाही तर आपल्या रकान्यात स्वतःचा मुद्दा मांडा. तू-तू मैं-मैं निम्म्यावर येते. डेसिडिमच्या टिप्पण्यांत ही शिस्त नाही, तिथे धागे लांबत जातात.

पॅरिसकडून सॉफ्टवेअरपेक्षा नियम घ्यावेत. २०१४ मध्ये पहिल्या वर्षी तिथे पालिकेनेच तयार केलेल्या १५ प्रकल्पांवर मतदान घेतलं, लोकांचे प्रस्ताव दुसऱ्या वर्षापासून. यंत्रणा एकदा चालवून पाहिली आणि मग दार उघडलं. पुढे गरीब वस्त्यांसाठी रकमेचा ठरावीक हिस्सा राखून ठेवला, नाहीतर ज्यांना वेळ, इंटरनेट आणि सफाईदार भाषा आहे त्यांच्याच गल्ल्या उजळतात. हा धोका डेसिडिमलाही तितकाच आहे, आणि कोणत्याही सेटिंगने तो टळत नाही.

त्यावरचा वेगळा उपाय लिस्बनचा. तिथल्या 'बिप-झिप' कार्यक्रमात २०११ पासून ६७ मागास भाग निवडून, तिथल्या स्थानिक संस्थांच्या भागीदारीला एका प्रकल्पासाठी ५० हजार युरोंपर्यंत रक्कम दिली जाते. मोठ्या मतदानात हरणाऱ्या वस्तीला इथे शर्यतच नाही. शहरांनी एकमेकांकडून शिकावं यासाठी असलेल्या युरोपीय संघाच्या अर्बॅक्ट कार्यक्रमातून हीच पद्धत बारी, लुब्लिन, ओस्ट्रावा, सोफिया, हेग अशा शहरांनी शिकून घेतली. शिकायची रीत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक शहरात आधी अधिकारी, संस्था आणि रहिवासी यांचा स्थानिक गट बसवायचा, मग एकमेकांकडे जाऊन प्रत्यक्ष काम पाहायचं आणि मगच आपल्या गावाला बसेल असं रूप ठरवायचं. डेसिडिम घेणाऱ्या शहराने निदान पहिली पायरी तरी उसनी घ्यावी.

पोलंडने वेगळी वाट धरली. २०११ मध्ये सोपोत या शहरापासून पसरत गेलेली सहभागी अंदाजपत्रकाची प्रथा २०१८ च्या कायद्याने मोठ्या शहरांना सक्तीची झाली, खर्चाच्या किमान अर्धा टक्का रकमेसह. सक्तीमुळे ती नव्या महापौराच्या मर्जीवर राहत नाही. माद्रिद आणि बार्सिलोनात सत्ता बदलली तेव्हा या साइटचा जोर कमीजास्त झालाच.

देखभाल

आवृत्तीचा आकडा अजून शून्याने सुरू होतो आणि ताज्या दोनच आवृत्त्यांना आधार मिळतो. म्हणजे बसवून तीन वर्षं विसरून जाता येत नाही. वर चढताना एकेक आवृत्ती करत जावं लागतं. मधल्या गाळून उडी मारली की डेटाबेसचे बदल अडकतात. ०.२८ मध्ये सगळं रूप बदललं, तेव्हा ज्यांनी स्वतःची सजावट खोलवर केली होती त्यांना ती जवळजवळ पुन्हा लिहावी लागली. ०.३० मध्ये 'क्षेत्र' आणि 'वर्ग' यांच्या जागी नवीन वर्गीकरण आलं. धडा साधा: गाभ्याला हात लावू नका, जे हवं ते वेगळ्या भागात जोडा, आणि वार्षिक देखभालीची रक्कम करारात पहिल्या दिवसापासून घाला. फुकट सॉफ्टवेअरचा खर्च इथे येतो.

कोणी घ्यावं? ज्या शहराला दरवर्षी एकापेक्षा जास्त प्रक्रिया चालवायच्या आहेत, किमान दोन पूर्णवेळ माणसं द्यायची आहेत आणि हाताशी रेल्स जाणणारी कंपनी आहे, त्याने डोळे झाकून घ्यावं. वर्षातून एकदा एका बागेवर कौल हवा असेल तर हा तोफखाना कशाला, रेक्याविकचं साधं साधन किंवा मतपेटीसुद्धा पुरेल.

पुण्यात नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवण्याची प्रथा २००६ पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातात आणि सुचवलेल्या कामाला खर्चाची मर्यादा असते. अशा ठिकाणी डेसिडिम आणायचं झालं तर मतदानापासून सुरुवात करू नये. मतदार यादीशी जोडणी, भाडेकरू, अठराच्या आतली मुलं, हे प्रश्न सुटेपर्यंत दोन वर्षं जातील. त्याऐवजी मागच्या वर्षी मंजूर झालेल्या कामांची यादी सीएसव्हीत घ्यावी, प्रभागवार 'उत्तरदायित्व' घटकात चढवावी, आणि दर महिन्याच्या दहा तारखेला कनिष्ठ अभियंत्याने स्थिती आणि एक फोटो भरावा. त्याला एक छोटा सर्व्हर, मराठीत भरलेली दोन-चार पानं आणि एक जबाबदार कारकून एवढंच लागतं. प्रस्तावांचा घटक पुढच्या वर्षी उघडता येईल.